धोक्यांचा तक्ता भरताना: शून्य आणि रिकामा रकाना

संवर्धन आराखड्यासाठी धोक्यांचा तक्ता, म्हणजे कोणत्या प्रजातीला कशाचा किती धोका याचे गुण मांडणारा तक्ता, पहिल्यांदाच भरणाऱ्यांसाठी लिहितेय. व्याप्ती, तीव्रता, नुकसान भरून येईल का, हे रकाने तुम्हाला ठाऊकच आहेत. मी फसले ते वेगळ्याच जागी.

रानपिंगळा या दुर्मीळ, छोट्या घुबडापुढे मी वृक्षतोड, अतिक्रमण, वणवा यांना गुण दिले. कीटकनाशकांबद्दल त्या भागातली एकही नोंद सापडेना, म्हणून शून्य लिहिलं. रकाना मोकळा बरा दिसत नव्हता, एवढंच कारण. बेरीज झाली, क्रम लागला आणि तो विषय आराखड्यातून गळाला. शून्याचा अर्थ ‘पाहिलं, धोका नाही’. माझ्याकडे होतं ते ‘कुणी पाहिलंच नाही’. ते पान आठवलं की आजही पोटात कालवतं.

खरं तर रानपिंगळ्याचा इतिहासच हे सांगत होता. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा ब्रिटिश पक्षीसंग्राहक मेनर्ट्झहागेनचा नमुना पुढे चोरीचा आणि खोटं ठिकाण लावलेला निघाला, पण तोवर शोधणारे भलतीकडे भरकटले होते. १९९७ मध्ये रानपिंगळा नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ सापडला, २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. त्यात हा पिंगळा दिवसा वावरतो. घुबड म्हणून फक्त रात्रीच हिंडलात, तर वहीत ‘आढळला नाही’ येणारच! म्हणून प्रत्येक ‘नाही’पुढे लिहा: कुणी पाहिलं, कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती तास. काहीच लिहिता येत नसेल, तर तिथे ‘माहिती नाही’. शून्य नाही, अंदाजाने ‘एक’ हा गुणही नाही.

शेजारच्या अभयारण्याचा तक्ता उचलून गावांची नावं बदलू नका. त्यांची शून्यंही सोबत येतात. आणि ‘रिकामं ठेवू नकोस, वर विचारतील’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. त्यापेक्षा बीटवरच्या, म्हणजे जंगलाचा तो तुकडा रोज राखणाऱ्या, वनरक्षकाबरोबर चार दिवस चाला.

अर्ध्या तक्त्यात ‘माहिती नाही’ आलं तरी घाबरू नका, सगळ्यांचंच तसं होतं. फक्त प्रत्येक पोकळीसाठी अभ्यास मागत बसू नका. उत्तर मिळाल्यावर आपला निर्णय बदलेल का, एवढं विचारा. ढोलीचं जुनं झाड तुटतंय हे दिसत असेल, तर पिंगळ्यांची नेमकी संख्या कळेपर्यंत थांबायचं नसतं. कीटकनाशकांचं मात्र आधी शोधावंच लागेल. मी आता जंगलाला लागून असलेल्या शेतांत कोणती औषधं कधी फवारतात, तिथून सुरुवात करतेय.