डिस्क गोल्फची डिस्क कशी निवडावी: आधी १२ आकड्याची खाली ठेवा

फिनलंडमधल्या एस्पोला राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी दुकानातून जी डिस्क उचलली, तिच्यावर चार आकडे होते: १२, ५, -१, ३. प्रकार, डिस्टन्स ड्रायव्हर. नावातच लांब जायची हमी! ओइत्ताच्या कोर्सवर पहिल्या टीवर, म्हणजे फेकायच्या जागेवर, उभा राहिलो, होता नव्हता तो जोर लावला, आणि डिस्क तीस-पस्तीस मीटरवर डावीकडे मुरडून बर्चच्या झाडांत घुसली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग बायकोने लेकीच्या दप्तरातली जाड कडेची डिस्क घेतली आणि सहज भिरकावली. ती सरळ गेली आणि माझ्या डिस्कच्या चांगली दहा पावलं पुढे पडली. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोल्फसारखाच, पण चेंडू नि काठीऐवजी चकती, आणि खड्ड्याऐवजी खांबाला लावलेली साखळ्यांची टोपली. कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायची. फिनलंडमध्ये याला फ्रिस्बीगोल्फ म्हणतात, बोलताना नुसतं ‘फ्रिबा’. बहुतेक कोर्स फुकट असतात, म्हणून खर्च होतो तो डिस्कवर. तो वाया कसा घालवू नये, ते सांगतो.

पायरी १: आकडे नंतर, आधी कडेवर बोट फिरवा

पुण्या-मुंबईत अल्टिमेट, म्हणजे झेलाझेलीचा सांघिक फ्रिस्बी खेळ, खेळणाऱ्यांची डिस्क १७५ ग्रॅमची असते. डिस्क गोल्फचीही साधारण तेवढ्याच वजनाची. पण अल्टिमेटची २७ सेंटिमीटर रुंद, ही जेमतेम २१. तेच वजन लहान आकारात आणि बरंचसं कडेत भरलेलं. म्हणून ही डिस्क समोरून येत असेल तर झेलायला जाऊ नका, बाजूला व्हा.

डिस्क उलटी करा आणि कडेची रुंदी बघा. कड बोटाएवढी जाड आणि बाहेरून गोलसर असेल तर तो पटर, टोपलीजवळून टाकायचा. त्याहून थोडी निमुळती, तो मिडरेंज, मधल्या अंतरासाठी. कड दीड-पावणेदोन सेंटिमीटर रुंद आणि धारेकडे झुकलेली असेल तर फेअरवे ड्रायव्हर. आणि मुठीत धरताना बोटं ताणावी लागतील इतकी रुंद नि धारदार कड असेल तर डिस्टन्स ड्रायव्हर. नियमाने कड २.६ सेंटिमीटरपेक्षा रुंद चालत नाही.

ही धार आली कुठून? या खेळासाठीचा पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी मांडला. तेव्हा लोक झेलाझेलीच्याच फ्रिस्बी फेकत. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेस यांनी कड उतरती केलेली ‘ईगल’ काढली. हवा कापत जाणारी चकती तेव्हापासून आली, आणि आमच्यासारख्यांची डोकेदुखीही.

पायरी २: चार आकडे वाचायला शिका

इनोव्हा कंपनीची ही पद्धत आता बहुतेक सगळे वापरतात. क्रम असा: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड.

गोंधळ होतो तो स्पीडवरून. स्पीड १२ म्हणजे ही डिस्क तुम्हाला वेग देईल, असं नव्हे. तुम्ही तिला किती वेग द्यायला हवा, त्याचा तो आकडा आहे. डिस्कची मागणी म्हणा ना.

ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगते. नवख्याला ४-५ बरा, कमी जोरात जास्त अंतर मिळतं.

टर्न आणि फेड मात्र नीट समजून घ्या. उजव्या हाताने, छातीवरून बाहेर अशी बॅकहँड फेक धरू. फेक ताजी आणि वेगात असताना डिस्क उजवीकडे किती झुकते, तो टर्न. तो बहुधा शून्य किंवा उणे आकड्यात असतो, आणि जितका जास्त उणे तितकी उजवीकडे ओढ. वेग मरताना ती डावीकडे किती वळते, तो फेड. डावखुऱ्यांसाठी, आणि फोरहँड फेकीतही, दिशा उलट होतात.

असं का होतं, हे जाळीने भोवरा फिरवलेल्याला पटकन कळेल. जोरात फिरणाऱ्या भोवऱ्याला समोरून ढकललं तर तो मागे पडत नाही, बाजूला कलतो. डिस्कचंही तेच. वेग कमी झाला की हवा तिची पुढची कड वर उचलते, पण फिरत असल्यामुळे डिस्क मागे न उलटता डावीकडे कलते.

आता दोन डिस्क शेजारी ठेवू. डिस्क्राफ्टची बझ, मिडरेंज: ५, ४, -१, १. इनोव्हाची डिस्ट्रॉयर: १२, ५, -१, ३. दोन्हींचा टर्न -१. मग दोन्ही सारख्याच वळायला हव्यात? नाही. हा -१ दिसतो तो त्या-त्या स्पीडची मागणी पुरी केली तरच. बझची मागणी माझ्यासारख्याचा हात पुरी करतो, म्हणून ती आधी सरळ, जरा उजवीकडे आणि शेवटी हलकेच डावीकडे जाते. डिस्ट्रॉयरला तेवढा वेग मिळतच नाही. तिच्या दृष्टीने माझी फेक सुरुवातीपासूनच मरायला टेकलेली असते. टर्न गायब, उरतो नुसता ३ चा फेड. बर्चच्या झाडांचं कोडं इतकंच होतं.

टर्नला भीक न घालता फेडकडेच ओढणाऱ्या डिस्कला खेळाडू ओव्हरस्टेबल म्हणतात, सहज उजवीकडे झुकणारीला अंडरस्टेबल. नवख्याला हलक्या हाताने सरळ जाणारी हवी, म्हणजे जराशी अंडरस्टेबल. दुकानात याच शब्दांत मागा, विक्रेता निम्मं काम करून देतो.

पायरी ३: आपली फेक मोजा

इथे लाजू नका. रिकाम्या फुटबॉलच्या मैदानावर जा, गोलरेषेवर उभे राहा आणि कोणतीही मिडरेंज दहा वेळा फेका. समोरची गोलरेषा साधारण १०० मीटरवर असते, मधली रेषा ५० वर. सगळ्यात लांब गेलेली फेक विसरा, मधल्या पाच-सहांचा अंदाज घ्या.

मधल्या रेषेच्या आसपास पडत असतील तर स्पीड ७ च्या वर काही घेऊ नका. सत्तर-ऐंशी मीटर होत असतील तर ९ पर्यंत जायला हरकत नाही. ड्रायव्हरने शंभर मीटर नियमित पार होऊ लागले की १२ चा विचार करा. हे ठोकताळे आहेत, पण मी त्यांच्या विरुद्ध जाऊन पैसे घालवलेले आहेत.

पायरी ४: प्लॅस्टिक

एकाच साच्याची डिस्क तीन-चार प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये मिळते, आणि किंमत जवळजवळ दुप्पट होते. इनोव्हाचं उदाहरण घ्या: डीएक्स स्वस्त आणि हाताला चिकटून बसणारं, पण झाडावर आपटून कड लवकर खरवडली जाते. चॅम्पियन काचेसारखं आरपार, चिवट, पावसात जरा निसरडं. स्टार टिकाऊ, तरी पकड बरी.

झिजलेली डिस्क वळण बदलते: हळूहळू अंडरस्टेबल होते. म्हणून ड्रायव्हरला चांगलं प्लॅस्टिक घ्यावं. पटर मात्र स्वस्तातलाच बरा. तो साखळ्यांतच आपटतो, आणि तिथे टिकाऊपणापेक्षा पकड महत्त्वाची. इकडे ऑक्टोबरात गारठा पडला की कडक प्लॅस्टिक अजून कडक होतं, बोटं तर आधीच बधिर असतात.

पायरी ५: वजन

डिस्कच्या पाठीवर, म्हणजे उलट्या बाजूला, बहुधा पेनाने वजन लिहिलेलं असतं. नियम असा की व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, २१.२ सेंटिमीटरच्या ड्रायव्हरला गुणाकार करून बघा, १७६ च्या आत येतं. दुकानात १७५ च्या इतक्या डिस्क का दिसतात, त्याचं हे उत्तर.

पटर आणि मिडरेंज १७० च्या पुढे घ्या, वाऱ्यात हलत नाहीत. पहिला ड्रायव्हर १६० ते १६५ चा पुरे, हलक्या डिस्कला वेग देणं सोपं. मुलांना १५० किंवा त्याहून कमी.

वाऱ्याचं एक लक्षात असू द्या. समोरून वारा असला की डिस्कला वाटतं आपण जास्त वेगात आहोत, आणि ती उजवीकडे जास्त झुकते. तेव्हा ओव्हरस्टेबल काढा. मागून वारा असला की उलट होतं, आणि डिस्क लवकर खालीही बसते.

पायरी ६: तीनच घ्या

एक पटर: इनोव्हाचा एव्हिआर (२, ३, ०, १) किंवा तसाच कुठलाही. एक मिडरेंज: बझ. एक फेअरवे ड्रायव्हर: लेपर्ड (६, ५, -२, १). नावं हीच हवीत असं नाही, आकडे जवळपासचे असले म्हणजे झालं. फिन्निश बाणा दाखवायचा असेल तर वेस्टसाइडची तुर्सास घ्या, जराशी जास्त अंडरस्टेबल मिडरेंज. लोककथेतल्या समुद्री राक्षसाचं नाव आहे, पण स्वभावाने गरीब.

चौथी घ्यावीशी वाटली तर दुसरा तसाच पटर घ्या. दोन असले की सराव करताना प्रत्येक फेकीनंतर टोपलीपर्यंत चालावं लागत नाही. एखादा मोसम झाला की मग फायरबर्डसारखी (९, ३, ०, ४) हट्टी ओव्हरस्टेबल, झाडामागून डावीकडे वळवायला.

दुकानात वापरलेल्या डिस्कची पेटी असते, ती आधी चाळा. त्यांतल्या झिजलेल्या डिस्क आपल्या कामाच्या असतात, कारण त्या आधीच मवाळ झालेल्या असतात. कडेला खोल चीर पडलेली तेवढी घेऊ नका, बोट कापतं.

राहिला रंग

हसू नका, पैसे इथेच जातात. हिरवी कधीच नको. पांढरी बर्फात जाते. पिवळी मला फार सुरक्षित वाटायची, तर सप्टेंबरात बर्चची पानं पिवळी होऊन सगळं रान तिच्याच रंगाचं झालं आणि माझी पहिली लेपर्ड तिथेच राहिली. आता तिन्ही डिस्क भडक गुलाबी आहेत. पाठीवर नाव आणि फोन नंबर लिहिलेला असतो. इथे डिस्क सापडली की लोक खरंच फोन करतात. हिवाळ्यात लोक डिस्कच्या खालच्या बाजूला हातभर रिबीन चिकटवतात, म्हणजे ती भुसभुशीत बर्फात बुडाली तरी शेपूट वर राहतं.

ती १२ ची डिस्टन्स ड्रायव्हर अजून घरात आहे. लेक तिच्यावर कुंडी ठेवते.