कंट्रोलरचे कंपन चालू ठेवावे की बंद करावे, हे कसे ठरवावे

कंट्रोलरच्या कंपनाने गेम खरोखर सुधारतो की ती नुसती करामत आहे, या प्रश्नाचे एकच उत्तर सगळ्या गेमना लागू पडत नाही. ते प्रत्येक गेमसाठी स्वतः तपासावे लागते आणि त्याला फार तर अर्धा तास लागतो. तपासताना कसोटी एकच धरावी: डोळ्यांना आणि कानांना न कळलेले काही हाताला कळते आहे का?

निन्टेंडोने १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरला जोडायचे ‘रंबल पॅक’ आणले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ या गेममध्ये खेळाडूला एक दगड मिळतो आणि तो जवळ असताना एखाद्या लपलेल्या जागेपाशी गेले की हातातला कंट्रोलर थरथरू लागतो. ही माहिती फक्त हातालाच मिळते. याउलट, जो स्फोट पडद्यावर दिसला आणि स्पीकरमधून ऐकू आला, तोच हातातही हादरला, तर त्यातून नवे काही कळत नाही. तो दणका आवडणे हा रुचीचा भाग झाला, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याने खेळ सुधारला असे म्हणता येत नाही.

आधी आपल्या कंट्रोलरमध्ये कोणती यंत्रणा आहे ते पाहावे. जुन्या आणि स्वस्त कंट्रोलरमध्ये बहुधा दोन छोट्या मोटरी असतात. त्यांच्या दांड्यांवर एका बाजूला झुकलेले वजन बसवलेले असते. जड वजनाची मोटर घुमा हादरा देते, तर हलक्या वजनाची बारीक थरथर. या रचनेत हादऱ्याचा जोर आणि वेग एकमेकांना बांधलेले असतात, शिवाय मोटरीला गती घ्यायला आणि थांबायला थोडा वेळ लागतो, म्हणून पावलाची चाहूल आणि दाराचा धक्का हाताला जवळपास सारखेच लागतात. २०१७ च्या निन्टेंडो स्विचमध्ये आणि २०२० च्या ड्युअलसेन्समध्ये, म्हणजे प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये, मात्र फिरणाऱ्या वजनाऐवजी पुढे-मागे हलणारी यंत्रणा आहे. तिला जवळजवळ ध्वनीसारखा संकेत देता येतो आणि त्यामुळे वाळू व काच यांतला फरकही हाताला जाणवू शकतो. कंपनाला करामत म्हणणाऱ्या अनेकांनी फक्त पहिला प्रकार हाताळलेला असतो, असा माझा कयास आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. पाठ झालेला, दहाएक मिनिटांचा एखादा टप्पा निवडावा, आवाजाची पातळी कायम ठेवावी आणि तो टप्पा एकदा कंपनासह व एकदा कंपनाविना खेळावा. कंपन बंद केल्यावर सुरुवातीला हात रिकामे वाटतात. ती केवळ सवय असते, म्हणून पहिल्या दोन-तीन मिनिटांवरून मत बनवू नये. त्यानंतर नेमके काय हुकले ते स्वतःला विचारावे. ‘चाक कधी घसरू लागले ते उशिरा कळले’ असे ठोस उत्तर मिळाले तर कंपन ठेवावे. ‘मजा कमी वाटली’ एवढेच सांगता आले तर निर्णय आवडीवर सोडावा.

शर्यतीच्या गेममध्ये कंपन बहुतेक वेळा ठेवण्याजोगे असते. खऱ्या गाडीत घसरण आधी शरीराला जाणवते, तो दुवा पडद्यासमोर तुटलेला असतो आणि कंपन तो काही अंशी जोडून देते. एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये तर २०१३ पासून ट्रिगरमध्येही, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणांमध्येही, मोटरी आहेत, त्यामुळे ब्रेक दाबणाऱ्या बोटालाच चाक अडकल्याचे कळू शकते. नेमबाजीच्या गेममध्ये गणित उलटे होते: सलग गोळीबारात हादरणारा कंट्रोलर स्टिकवरच्या अंगठ्याला स्थिर राहू देत नाही, आणि गोळी सुटल्याचे तर दिसतच असते. तिथे गोळीबाराचे कंपन वेगळे बंद करण्याची सोय असेल तर तेवढेच बंद करावे, नसेल तर संपूर्ण बंद करण्यात माझ्या मते काहीही गमावत नाही. कोडी आणि पाळीपाळीने खेळायचे गेम यांत फारसा फरक पडत नाही.

बदल आधी गेमच्या सेटिंगमध्ये करावा, कन्सोलच्या नव्हे. कन्सोलची सेटिंग सगळ्याच गेमना लागू होते आणि पुढच्या गेममध्ये कंपन का नाही, हे शोधत बसावे लागते. ड्युअलसेन्समध्ये कंपनाची तीव्रता आणि ट्रिगरचा विरोध (दाबताना बोटाला जाणवणारा अडथळा) या दोन वेगळ्या सेटिंग आहेत, त्यामुळे बोट दुखत असेल तर ट्रिगरचा विरोध तेवढा कमी करावा. हाच कंट्रोलर संगणकाला जोडल्यास बारीक कंपनासाठी बऱ्याच गेममध्ये यूएसबी केबल लागते, म्हणून चाचणी बिनतारी जोडणीवर करून कंपनाला नावे ठेवू नयेत. बॅटरी लवकर संपत असेल किंवा खेळल्यावर तळव्याला मुंग्या येत असतील, तर मात्र कसोटीचा निकाल काहीही असो, तीव्रता सर्वांत कमी ठेवावी किंवा कंपन बंदच करावे.