कुळागरातले सेन्सर पावसाळाभर बॅटरीवर कसे चालवायचे

गोव्यात फोंडा-सत्तरीकडे कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, सेन्सर लावायचे म्हटलं की पहिला प्रश्न सोलर पॅनल केवढ्याचं. अहो पोफळीखाली ऊन येतं कुठे? त्यात जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. म्हणून पॅनल ठेवा फक्त गेटवेला (सगळ्या सेन्सरचे मेसेज गोळा करणारा डबा), घराच्या छपरावर, आणि बागेतले नोड (सेन्सर नि रेडिओ असलेले छोटे बोर्ड) बॅटरीवरच चालणार असं धरून चला.

आधी स्लीप करंट, म्हणजे नोड झोपलेला असताना खातो तो करंट, बघा, बाकी सगळं नंतर. ईएसपी३२ ची चिप (नोड चालवणारा छोटा कंट्रोलर) डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, जेमतेम १० मायक्रोअँपिअर खाते पण त्याच चिपचा स्वस्त डेव्हलपमेंट बोर्ड पॉवर एलईडी, यूएसबी चिप नि रेग्युलेटरपायी कित्येक मिलिअँपिअर खाऊ शकतो. ८ मिलिअँपिअर धरा, २६०० एमएएचचा १८६५० सेल (गोल लिथियम बॅटरी) दोन आठवड्यांच्या आत बसला. हा करंट मोजायला मीटर सीरिजमध्ये लावा, पण मायक्रोअँपिअर रेंजवर नोड झोपल्यावरच न्या, नाहीतर जागं होताना मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड सारखा रिसेट होत राहतो. सेन्सरची पॉवर मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विच) किंवा कमी करंटचा असेल तर थेट चिपच्या पिनवरून द्या, म्हणजे रीडिंग झालं की तोपण बंद.

आता रेंज. वायफाय इथे विसरा, २.४ गिगाहर्ट्झ ओल्या पानांत लवकर मरतं, लोरा (कमी बॅटरीत लांब जाणारा रेडिओ) घ्या, भारतात ८६५-८६७ मेगाहर्ट्झवाला (ऑनलाईन ऑर्डर करताना ४३३ किंवा ९१५ चा मॉड्यूल गळ्यात मारतात, नीट बघून घ्या). सिग्नल पोचत नाही म्हणून लोक लगेच स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ: जितका जास्त तितका सिग्नल लांब जातो, पण मेसेज हळू) १२ करून मोकळे होतात. २० बाइटचा मेसेज १२५ किलोहर्ट्झवर एसएफ७ ला साधारण ५७ मिलिसेकंद हवेत असतो, एसएफ१२ ला १.३ सेकंद, म्हणजे दरवेळी वीसपटीहून जास्त बॅटरी! त्यापेक्षा गेटवेचा अँटेना वर चढवा, घर खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) असेल तर वरच्या भाटात (बागेत) पाईप रोवून त्यावर लावा. एवढं केलं की बरेच नोड एसएफ७-८ वर येतात. अँटेना म्हणून पाव तरंगलांबीची वायर साधारण ८.६ सेंमी, उभीच ठेवायची, आणि अँटेना न लावता ट्रान्समिट कधीच नको, मॉड्यूल जळू शकतो.

मेश (नोडनीच एकमेकांचे मेसेज पुढे पाठवायचे) करायचा मोह होतो पण रिले नोडला, म्हणजे मेसेज पुढे ढकलणाऱ्याला, दुसऱ्यांचे मेसेज ऐकत जागं राहावं लागतं, गेटवेजवळचे आधी संपतात आणि मागची अख्खी बाग गप्प. एखादा कोपरा पोचतच नसेल तर तिथे एकच रिले, मोठ्या बॅटरीचा.

दर पाच मिनिटांनी पाठवायची गरज नाही हो, कोळेरोगासाठी (पोफळीवरचा पावसाळी बुरशीसारखा रोग) आर्द्रता बघताय तर अर्ध्या तासाने पुरे. सगळे नोड एकाच वेळी उठू नयेत म्हणून वेळेत थोडा रँडम फरक टाका, आणि प्रत्येक मेसेजला पोच मागू नका, ती ऐकायलाही रेडिओ चालू ठेवावा लागतो. बॅटरी व्होल्टेज मात्र प्रत्येक मेसेजमध्ये घाला, म्हणजे गणेश चवथीच्या गडबडीत कुठला सेल बदलायचा ते घरबसल्या कळेल.