पागेतल्या घोड्याचे गवत भिजवताना: उकाड्यात वेळ सांभाळा

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी वाळलेले गवत पाण्यात टाकून सकाळी काढायची सवय लागलेली असते. उकाडा सुरू झाला की ती मोडा. कोमट झालेल्या पाण्यात गवतातली विरघळलेली साखर आणि जिवाणू एकत्र येतात, काही तासांत आंबूस वास सुटतो आणि घोडा त्या गवताला तोंड लावत नाही. वेळ किती कमी करायची, हे मात्र गवत कशासाठी भिजवतो आहोत त्यावर ठरते.

धुळीसाठी

खोकणाऱ्या किंवा दम्याच्या घोड्यासाठी १० ते ३० मिनिटे पुरतात. पाण्यामुळे बारीक धूळ आणि बुरशीचे बीजाणू काडीला चिकटून राहतात. घोडा ते गिळतो, नाकावाटे फुप्फुसात ओढत नाही. त्याहून जास्त वेळ भिजवून धूळ आणखी कमी होत नाही, उलट खनिजे मात्र वाहून जातात. नुसते पाइपने वरून पाणी मारणे म्हणजे अर्धे काम. बाहेरच्या काड्या चमकतात आणि आतला गाभा कोरडाच राहतो.

गवत ओलेच खाऊ घाला. ते वाळले की धूळ पुन्हा सुटते, म्हणून एका वेळी थोडे द्या. पागेत हवा सगळ्यांची एकच असते: शेजारच्या ठाणात कोरडे गवत झटकले जात असेल किंवा खाली धुळकट पेंढा अंथरला असेल, तर एकट्या घोड्याचे गवत भिजवून खोकला थांबणार नाही.

साखरेसाठी

लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, होऊन गेलेल्या किंवा इन्सुलिनचा बिघाड असलेल्या घोड्यासाठी पाण्यात विरघळणारी साखर काढायची असते. त्याला थंड पाण्यात सुमारे एक तास किंवा कोमट पाण्यात अर्धा तास द्या. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असते, त्यामुळे साखर लवकर सुटते आणि जिवाणूही तितक्याच लवकर वाढतात. टब सावलीत ठेवा आणि तासाच्या पुढे जाऊ नका.

साखर किती कमी होईल याची हमी नसते. गवताची जात, कापणीची वेळ आणि काडीची जाडी यांनुसार एका गवतातून ती जेमतेम सुटते, तर दुसऱ्यातून निम्म्यापर्यंत. पाणी चहासारखे तांबूस झाले म्हणजे साखर गेली, असे समजू नका. रंगावरून काहीच कळत नाही. अशा घोड्यासाठी साखर आणि स्टार्च मिळून कोरड्या वजनाच्या १० ते १२ टक्क्यांच्या आत असावेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. गवताचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मुळात कमी साखरेचे गवत विकत घ्या. भिजवणे ही त्यावरची जोड आहे.

कसे भिजवावे

गवताचे वजन कोरडे असतानाच करा. भिजल्यावर ते दुप्पट-तिप्पट होते, मग रोजच्या मापाचा हिशेब लागत नाही. गठ्ठ्यातले घट्ट थर हाताने मोकळे करून जाळीत भरा, नाहीतर मधला भाग कोरडाच बाहेर येतो. हे काम उघड्यावर, घोड्यापासून लांब करा आणि तोंडाला मास्क बांधा. ही धूळ माणसाच्या फुप्फुसालाही तितकीच वाईट.

एक किलो गवताला निदान १० लिटर पाणी धरा. ५ किलोच्या जाळीला ५० ते ६० लिटर, म्हणजे टब त्याहून मोठा हवा. तळाला बूच असलेला टब किंवा पिंप घ्या. भरलेला टब कलंडवण्यात कंबर जाते. गवत तरंगते, म्हणून त्यावर लाकडी फळी आणि फळीवर जड दगड ठेवा. पाण्याचा बंद कॅन वजन म्हणून ठेवू नका, बुडाला की त्याचे वजन जवळपास शून्य होते.

वेळ झाली की आधी बूच काढून पाणी जाऊ द्या, मग जाळी उचला. टबावरच्या आडव्या दांडीला कप्पी आणि हूक लावला तर एकट्या माणसालाही जमते. १५ ते २० मिनिटे निथळू द्या, वरून एकदा स्वच्छ पाणी ओता आणि लगेच खायला घाला. शक्य असेल तर गवत जमिनीलगतच्या गव्हाणीत द्या: मान खाली राहते, श्वासनलिकेतला चिकट स्राव बाहेर पडतो. जाळीच टांगायची असेल तर उंच बांधा. ओली जाळी रिकामी होता होता खाली लोंबते आणि नाल ठोकलेला पाय तिच्यात अडकतो.

तेच पाणी दुसऱ्या खेपेला वापरू नका. त्यात आधीच साखर असल्यामुळे नव्या गवतातली साखर कमी सुटते आणि पहिल्या खेपेचे जिवाणू थेट दुसऱ्या गवतावर जातात.

काय हरवते, काय भरून काढायचे

साखरेबरोबर पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही जातात, आणि गवताचा काही कोरडा भागही. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला निदान ७.५ किलो कोरडा चारा, म्हणजे साधारण ८.५ ते ९ किलो वाळलेले गवत लागते. तासभर भिजवत असाल तर भिजवण्याआधीच दीड-एक किलो जास्त मोजा. लठ्ठ घोड्याच्या बाबतीतही पशुवैद्याला विचारल्याशिवाय याखाली जाऊ नका. सोबत कमी साखरेचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण आणि दिवसाला सुमारे २५ ग्रॅम मीठ द्या. काम करून घाम गाळणाऱ्या घोड्याला त्याहून जास्त.

बुरशी आलेले, कुबट वासाचे गवत भिजवून वाचत नाही, ते फेकाच. हवाबंद मुरवलेला चाराही भिजवू नका. वाफेच्या यंत्राने धूळ बसते आणि बुरशी मरते, साखर मात्र फारशी जात नाही. घरगुती किटलीची वाफ गठ्ठ्याच्या गाभ्यापर्यंत पोचली नाही तर तो नुसता कोमट होतो आणि जिवाणूंना आयते ऊबदार घर मिळते.

उरलेले पाणी ओढ्यात किंवा पावसाच्या गटारात सोडू नका. त्यातले सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू इतका खाते की मासे मरतात. ते खताच्या खड्ड्यावर किंवा घोडे चरत नाहीत अशा जमिनीवर पसरून ओता, रोज एकाच जागी नको. गव्हाणीत उरलेले ओले गवत दर खेपेला काढा आणि टब रोज ब्रशने घासून वाळवा; त्याच्या कडेला चढलेला बुळबुळीत थर दुसऱ्या दिवशीचे ताजे पाणीही नासवतो.