जुनं साहित्य वाचताना ‘नोकरी-धंद्याचे’ शब्द अडतात? या चुका टाळा

जुन्या पुस्तकांत अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच जास्त दगा देतात. अवघड शब्द आला की आपण कोश उघडतो, पण व्यवसाय, उद्योग, चाकरी दिसलं की वाटतं हे तर येतंच, आणि तिथेच अर्थ हुकतो.

गीतेतली ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ (२.४१) घ्या. बिझनेस माइंड असा अर्थ लावून हे कोट केलेलं वाचलं की खरंच जीव तुटतो, कारण तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय, पैशाचा काही संबंधच नाही. महाभारताच्या उद्योगपर्वातला उद्योग म्हणजे युद्धाची खटपट, तयारी. ज्ञानेश्वरीत ‘व्यापार’ आला तर दुकान डोळ्यासमोर आणू नका, इंद्रियांची क्रिया, हालचाल असा अर्थ लावून बघा, बऱ्याचदा ओवी लगेच सुटते.

सगळ्यात जास्त गैरसमज ‘चाकरी’बद्दल. आज आपण नोकर-चाकर एका दमात म्हणतो, त्यामुळे बखरीत एखादा सरदार चाकरी करतो असं वाचलं की ते हलकं वाटतं, पण तेव्हा तलवार घेऊन मोहिमेवर जाणं ही पण चाकरीच होती. बारगीर आणि शिलेदार दोघंही घोडेस्वार, बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा, तरी चाकरी दोघांचीही. आणि तुकोबांची ओळ बघा, ‘चाकरीवांचून । खाणें अनुचित वेतन’. काम न करता मोबदला खाणं बरोबर नाही, इतकं सरळ! फारसीतून आलेली चाकरी आणि संस्कृतातलं वेतन एका ओळीत शेजारी बसलेत, मला ही ओळ फार आवडते.

‘कर्म’ म्हणजे जॉब नाही, हे तर सांगायलाच नको.

शिवकाळावर कथा लिहिणाऱ्यांनी मावळ्याच्या तोंडी ‘पगार’ घालताना जरा थांबा. तो शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. जुन्या कागदांत मुशाहिरा भेटतो, म्हणजे महिन्याचं वेतन, आणि वाक्यात तो शोभतो पण.

अर्थ अडलाच तर आधी बघा, त्या वाक्यात काम देणारा धनी आहे का आणि मोबदल्याचा उल्लेख आहे का. दोन्ही नसेल तर नोकरीचा अर्थ बाजूला ठेवा आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा. १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे, त्यामुळे आजच्या वापराखाली दबलेले अर्थ त्यात सापडतात.