वर्षाचं तिखट पावसाळ्यात बिघडतंय? या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये मिरची-मसाल्यावर बऱ्यापैकी पैसे जातात, गच्चीवर वाळवणाची राखण होते, कांडपावर नंबर लावावा लागतो. आणि ऑगस्ट आला की तिखटात गोळे, जाळी, नाहीतर कुबट वास. खापर बरणीवर फुटतं. पण बहुतेक वेळा ओल त्याआधीच आत शिरलेली असते, कधी कधी तर खरेदीच्या दिवशीच.

नुसता रंग बघून मिरची घेणं

ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद लाल. रंग सुरेख, तिखटपणा बेताचा. गुंटूरकडची गुळगुळीत आणि झणझणीत. लवंगी दिसायला बारीक, पण जाळ. नुसती ब्याडगी घेतली तर रस्सा लालभडक होतो आणि तिखटासाठी दुप्पट पूड पडते, म्हणून दोन-तीन जाती मिसळाव्यात.

पोत्यात वर चांगला माल मांडलेला असू शकतो. हात खाली घालून मूठभर मिरच्या काढा. कानाशी हलवल्यावर बिया खुळखुळल्या पाहिजेत, मोडल्यावर कटकन तुटल्या पाहिजेत. नुसतीच वाकत असेल तर मिरचीच्या भावाने पाणी विकत घेताय. वजन वाढवायला पाणी मारलेला मालही बाजारात येतो. एखादी मिरची उभी फाडून बघा. बियांभोवती करडी-काळी बुरशी दिसली तर त्या पोत्याचा नाद सोडा, भाव कितीही पडता असो. देठासकट घेतलेली मिरची निवडल्यावर वजनात घटते, तेवढी जास्त घ्या.

बाकीच्या जिन्नसांना एवढा वेळ लागत नाही. लवंग पाण्यात टाकली की बुडायला हवी. तेल काढून घेतलेली तरंगते. मिरीत पपईच्या बिया मिसळलेल्या असतील तर त्याही तरंगतात. जिरं तळहातावर चोळून काळं लागलं तर घेऊ नका. हळद शक्यतो हळकुंडं आणून दळावी. सुटी पूड स्वस्त मिळते, पण मसाल्याची पूड सुटी विकायला कायद्याने मनाई आहे आणि भेसळ तिथेच जास्त होते.

गरम तिखट बरणीत भरणं

माझ्या मते सर्वात जास्त नुकसान ही चूक करते. कांडपातून आलेली पूड हाताला चांगली गरम लागते. ती तशीच डब्यात दाबून झाकण लावलं की आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि तेच पुडीत उतरतं. घरी आल्या आल्या तिखट कोरड्या कागदावर किंवा परातीत पसरा, वर पातळ फडकं टाका आणि पूर्ण निवल्यावरच भरा. कांडपाला नेण्याआधी मिरची कडकडीत वाळलेली हवी. ढगाळ दिवस निघाला तर कांडप पुढे ढकला.

हिंगाचे खडे थराथरात जरूर ठेवा. त्यांचा वास किड्यांना दूर ठेवतो, पण हिंग ओल शोषत नाही. मीठ घालणार असाल तर भाजून, निववून घाला. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठालाच पाणी सुटतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात हे नेहमीचंच.

सगळे मसाले एकाच मापाने साठवणं

कोरडं तिखट नीट ठेवलं तर वर्षभर टिकतं. गोडा मसाला मात्र तेवढी कळ काढत नाही, कारण त्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात आणि त्यांचं तेल खवट होतं. तो दोन-तीन महिन्यांपुरताच करा किंवा फ्रीजमध्ये ठेवा. कांदा-लसूण मसाल्यात कांदा कुरकुरीत होईपर्यंत तळला नाही, मधे कुठे मऊ राहिला, तर बुरशी तिथूनच सुरू होते.

रोजच्या वापराचं तिखट छोट्या बरणीत वेगळं काढा. मोठी बरणी महिन्यातून एकदाच, कोरड्या हाताने आणि उघाडीच्या दिवशी उघडा. मिसळणाचा डबा गॅसशेजारी ठेवू नका आणि उकळत्या आमटीवर बरणी धरून तिखट झटकू नका. वाफ सरळ आत जाते. पारदर्शक बरणी उजेडात ठेवली तर तिखटाचा आणि हळदीचा रंग विटतो. फ्रीजमधली बरणी बाहेर काढल्यावर थंडावा जाईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर थंड पुडीवर दव धरतं.

बिघडलंच तर?

नुसते गोळे झालेत आणि वास स्वच्छ आहे, तर पूड पातळ पसरून कडक उन्हात वाळवा, चाळा, निववून भरा. रंग उतरला असेल तर तो परत येत नाही. थोडी ताजी काश्मिरी पूड मिसळून लवकर संपवा. पण कुबट वास किंवा बुरशी असेल तर वाळवणं, भाजणं, फोडणीत घालणं, काहीच उपयोगाचं नाही. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष घरच्या आचेवर नष्ट होत नाही. ते तिखट टाकून द्या. जाळी धरलेलंही टाका, बरणी गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात ठेवा आणि शेजारचे धणे, हळद आणि रव्याचे डबेही त्याच दिवशी उघडून बघा.