आखडलेल्या खांद्याची रात्र: आधी कोपराखालची उशी

सगळ्यात आधी कोपराखालची उशी. गोळी, शेक, पाणी, बाम, सगळं नंतर. ती उशी आत्ता उठून पलंगावर टाकून या आणि मग पुढचं वाचा.

एवढा आग्रह का, तर मागच्या वेळी मी तीच विसरले होते. माझा डावा खांदा आखडला होता तेव्हाची गोष्ट. धाकट्या नणंदेच्या मुलाचा साखरपुडा होता, आम्ही सांगलीहून साताऱ्याला निघालो. आहेर घेतला, साड्या घेतल्या, शुगरच्या गोळ्या घेतल्या, शेकायची रबरी पिशवीसुद्धा घेतली. उशी राहिली सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी, पलंगावर. पेठ नाक्यावर चहाला उतरलो तेव्हा आठवण झाली, आणि मी म्हटलं, जाऊ दे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

कार्यालयाच्या हॉलमध्ये ओळीनं गाद्या टाकलेल्या. पौषातली थंडी, बायका गोधड्या ओढून गप्पा मारत मारत झोपून गेल्या. मीही उताणी पडले, छान झोप लागली. तीनच्या सुमाराला दंडातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात गादीच्या कडेवरून घसरून कोपर फरशीला टेकलं होतं, म्हणजे खांद्याच्या पार खाली. आणि जमिनीवरून उठायला दोन हात लागतात हे तोवर आयुष्यात कधी लक्षातच आलं नव्हतं. कासवासारखी पडून राहिले. माझं कण्हणं ऐकून नणंद उठली आणि बिचारीनं मायेनं माझा डावाच हात धरून मला ओढून बसवलं. त्यानंतर त्या हॉलमध्ये कुणी झोपलं नाही.

परवा तिचाच फोन. "वहिनी, तू त्या रात्री एवढी का किंचाळलीस ते आता कळलं गं." तिचा उजवा खांदा. माझाही आता उजवाच सुरू झालाय. बरा झालेला खांदा पुन्हा सहसा आखडत नाही, पण दुसरा आखडू शकतो, विशेषतः शुगर असली तर. फोनवर तिला सगळं सांगायला गेले आणि दर दोन वाक्यांनी उशीवरच घसरले, म्हणून आता नीट लिहून काढतेय. तिलाही हेच पाठवणार आहे.

पण त्याआधी एक. दुखणं खरंच आखडलेल्या खांद्याचं आहे हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. डाव्या हातात कळ, छातीवर दाब, घाम, दम लागणं असं काही असेल तर उशा रचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. पडल्यावर सुरू झालं असेल, ताप असेल, सूज असेल, तरी तेच. आणि शुगर तपासा. थायरॉईडही. मधुमेह असणाऱ्यांत हे दुखणं जास्त दिसतं. एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो, त्यावर घरचे "काही नाही झालेलं तुला" म्हणतील. म्हणू द्या.

डॉक्टर याला 'फ्रोजन शोल्डर' म्हणतात; हे नाव १९३४ साली कॉडमन नावाच्या बॉस्टनच्या सर्जननं दिलं. त्यानं लक्षणांची जी यादी केली, तिच्यात त्या कुशीवर झोपता न येणं होतंच, आणि दुखणं नेमक्या खांद्यात नाही तर खाली दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं हेही होतं. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला हे कळलं होतं. आमच्याकडे मात्र सगळ्यांनी "उघड्यावर झोपलीस, वारं लागलं असेल" एवढंच सांगितलं. जपानी लोक याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात. मला ते जास्त पटतं, निदान त्यात वाऱ्याचा दोष नाही. दुखणं तसं चाळिशी ते साठीतलं, आणि बायकांना अधिक.

आता उशी. कुठली आणि कशी ते नीट वाचा, कारण डाव्या खांद्याच्या वेळी पहिले तीन महिने मी डोक्याखालीच उशा वाढवत बसले होते. डोक्याखाली दोन, मग तीन. मान आखडली ती वेगळीच. गरज डोक्याला नव्हतीच. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं, एरवी सैल, परकराच्या घेरासारखं. या दुखण्यात ते सुजतं, जाड होतं, आवळून बसतं. उताणं झोपलं की दंड गादीवर पडतो, कोपर पाठीच्या रेषेच्या मागे जातं आणि ते आवळलेलं आवरण पुढून ताणलं जातं. जागेपणी आपण हात सावरून धरतो. झोपेत धरणार कोण? म्हणून कोपराखाली उशी.

खांद्याखाली नाही. खांद्याखाली घातलीत तर खांदा पुढे ढकलला जातो आणि कोपर लोंबकळतंच राहतं. दंडाच्या मधल्या भागापासून मनगटापर्यंत सगळ्याला आधार हवा. हात कोपरात वाकवून पंजा पोटावर. उंची सगळ्यांना सारखी चालत नाही, मला चार बोटं लागते. खात्री करायची असेल तर घरातल्या कुणाला तरी बाजूनं बघायला सांगा: कोपर खांद्यापेक्षा खाली दिसतंय का? दिसत असेल तर आणखी एक घडी घाला. माझी उशी म्हणजे सासूबाईंच्या जुन्या वाकळेचा तुकडा, चौघडी करून अभ्र्यात घातलेला. कापसाची नवी उशी रात्रीत दबते, फोमची घसरते, वाकळ जागची हलत नाही. टॉवेलच्या घड्या चालतात, पण दोन दोऱ्यांनी बांधून घ्या, नाहीतर दोन वाजता उलगडतात.

कुशीवर झोपायचं असेल तर चांगल्या खांद्याच्या कुशीवर, दुखऱ्या कुशीवर कधीच नाही. "थोडा वेळ" नाही, "सवय आहे म्हणून" नाही. पुढे एक जाडसर मऊ उशी काखेपासून मनगटापर्यंत कवटाळायची, म्हणजे वरचा दुखरा हात छातीवरून खाली गादीवर घरंगळत नाही. मी आधी बैठकीतला लोड कवटाळून पाहिला. गोल आणि टणक, रात्रभर कुस्ती. लोडाची खरी जागा पाठीमागे, म्हणजे झोपेत आपण उलटून दुखऱ्या बाजूवर जात नाही. आणि कुशीवर असलात तरी कोपराला आधार हवाच, तोच नियम. हात डोक्याखाली किंवा डोक्यावर घेऊन झोपायची सवय असेल तर ती या वर्षापुरती सोडा.

फारच वाईट आठवडे असतील तर आडवं पडूच नका. भिंतीला लोड, त्यावर दोन उशा, अर्धवट बसल्यासारखं टेकून झोपा, किंवा आरामखुर्ची असेल तर तीत. तिथेही कोपर लोंबतं! खुर्चीचा हात असतो म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि तो कोपरापेक्षा दोन इंच खालीच असतो. उशी.

जमिनीवरची गादी सध्या बंद. माझं उठणं वर सांगितलंच. पलंगावर कुठल्या बाजूला झोपायचं हा मात्र खरा विचार करण्याचा विषय आहे. चांगला हात पलंगाच्या मोकळ्या कडेकडे हवा, म्हणजे त्या कुशीवर वळून, पाय खाली सोडून, चांगल्या कोपरावर भार देऊन उठता येतं. मग दुखरा हात आपोआप भिंतीकडे किंवा नवऱ्याकडे येतो. भिंत बरी. नवरा झोपेत हात टाकतो, आणि "लागलं का?" असं विचारायला पुन्हा हलवतो. आमच्याकडे हे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले, तेव्हापासून दोघांचंही बरं चाललंय. पाणी, मोबाईल, चष्मा, बॅटरी, सगळं चांगल्या हाताच्या अंगाला, उताणं पडून हात पोचेल असं. दिव्याचं बटण दुखऱ्या अंगाला असेल तर दिवा दुसऱ्या कुणाला तरी घालवायला लावा. मच्छरदाणीही दुसऱ्यानं खोचायची. आणि जादा उशा कपाटावर किंवा माळ्यावर असतील तर दुपारीच कुणाकडून तरी काढून घ्या. रात्री दहाला चवड्यांवर उभं राहून हात वर करून उशी ओढली की पुढची रात्र गेली. हे मी केलेलं आहे.

कपडे. पुढून उघडणारा गाऊन. मागे हुक असलेली ब्लाउजं सध्या ट्रंकेत. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. हा एक नियम पाळलात तर निम्मी ओरड कमी होते. डोक्यावरून काढायचे कपडे म्हणजे मिरजेच्या सतारीची खुंटी पिळल्यासारखं होतं, तार तुटेपर्यंत.

शेक झोपायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून. पिशवी अंगाखाली घेऊन झोपी जायचं नाही. शुगर असणाऱ्यांनी तर मुळीच नाही, कातडी भाजलेली कळत नाही. विजेचा पॅड लावूनही झोपायचं नाही. काहींना बर्फ बरा वाटतो, त्यांनी बर्फ घ्यावा. शेकल्यावर थोडं पुढे वाकून, चांगला हात ओट्यावर टेकवून, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके झुलवायचा. हाही त्या कॉडमनचाच व्यायाम. दोन-चार मिनिटं पुरे. झोपायच्या तोंडावर ताणायचे व्यायाम करू नका, ते सकाळी, फिजिओथेरपिस्टनं सांगितले तेवढेच.

आणि मालिशवाला नको. कुणीतरी ओळखीचा माणूस येतो, "एका झटक्यात मोकळा करतो" म्हणतो, हात धरून वर नेतो. दुखण्याचा पहिला टप्पा चालू असताना जबरदस्ती केली की दुखणं वाढतं. मला गावाकडच्या एकानं केलं होतं. चार दिवस भात कालवता येत नव्हता, बाकीचं काय सांगू. बाम लावायचा तर लावा, फार उपयोग नाही, वास मात्र सगळ्या घराला.

गोळी डॉक्टरांनी दिलेली, त्यांनी सांगितलेल्या वेळी. दुखायला लागल्यावर बघू म्हणून थांबू नका, तीन वाजता घेतलेल्या गोळीचा गुण यायला वेळ लागतो. पण दुकानातून आपल्या मनानं वेदनाशामक आणून रोज रात्री खायच्या, हेही नको. शुगर, बीपी, किडनी, पित्त यांतलं काहीही असेल तर आधी विचारा. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर काही दिवस शुगर वर जाते. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी बिचाऱ्या गव्हाच्या खिरीला दोष देत बसले होते.

प्रवास असेल तर एसटीत दुखरा हात खिडकीकडे येईल अशी जागा धरा, म्हणजे उजवा खांदा तर उजवीकडची खिडकी. मधल्या वाटेकडे दुखरा हात ठेवलात की प्रत्येक चढणारा माणूस त्यावर पिशवी आपटून जातो. मांडीवर उशी, उशीवर कोपर. होय, तीच उशी. लग्नाला चाललात, साखरपुड्याला चाललात, एका रात्रीसाठी चाललात, तरी तीच उशी. "तिथे मिळेल की" असं म्हणू नका, मिळत नाही. कार्यालयात मिळते ती डोक्याची उशी, तीही दोघींत एक.

रात्री जाग आली तर पडल्या पडल्या आधी कोपर चाचपा. दहातल्या आठ वेळा उशी घसरलेली असते. ती नीट करा, हात पोटावर घ्या, पाच मिनिटं थांबा. तरी राहिलं नाही तर उठून बसा, पुन्हा हलके झुलवा. कुणी उठवायला आलं तर हात पुढे करू नका, पाठीला आधार द्यायला सांगा. नणंदेला हे ठळक करून पाठवणार आहे.

सकाळी घाईनं उठू नका. अंघोळीचं गरम पाणी खांद्यावर. वेणी दुसऱ्या कुणीतरी घाला म्हणावं.

आणि हे किती दिवस? दिवस नाही, महिने. आधी दुखतं, मग दुखणं कमी होऊन हात जखडतो, मग हळूहळू सुटतो, सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं. रात्रीचा त्रास मुख्यतः पहिल्या टप्प्यात. माझ्या डाव्याला झोप परत यायला सात महिने लागले, हात पाठीमागे जायला पावणेदोन वर्षं.

आता उजव्यासाठी दुसरी वाकळ फाडायची गरज नाही, तीच चालते. पुढच्या महिन्यात साताऱ्याला जायचंय, त्याच मुलाचं लग्न. उशी कापडी पिशवीत घालून पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवलीय. खालच्या खुंटीला, वरच्या खुंटीला हात पोचत नाही.